वाचकांचे प्रश्न : गेलिक फुटबॉल आणि आपली काउंटी

आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडून आणि त्यांच्या इकडच्या आईवडिलांकडून गेलिक फुटबॉलबद्दल, म्हणजे हात आणि पाय दोन्ही वापरून पंधरा-पंधरा जणांनी खेळायच्या आयरिश खेळाबद्दल, बरीच पत्रं आली. सर्वाधिक पत्रं पश्चिमेकडच्या मेयो काउंटीशी संबंधित होती, म्हणून उत्तरांतली उदाहरणंही तिथलीच जास्त आहेत. एकाच विषयावरची पत्रं एकत्र करून घेतली आहेत.

मुलगा नोकरीसाठी कॅसलबारला आहे. फोन केला की रविवारच्या मॅचबद्दलच बोलतो. मेयो हा काय एखादा मोठा व्यावसायिक क्लब आहे का? खेळाडूंना किती पैसे मिळतात?
— वाचक, कोथरूड, पुणे

खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. प्रवासखर्च वगैरे मिळतो, पण पगार नाही आणि लिलाव तर नाहीच. काउंटीकडून खेळणारे शिक्षक असतात, शेतकरी असतात, इंजिनिअर असतात, कॉलेजची मुलं असतात. रविवारी डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी सकाळी कामावर हजर असतो.

मेयो हा क्लब नव्हे, तो जिल्हा आहे. खेळाडू आधी आपल्या गावच्या क्लबकडून खेळतो. तो क्लब ज्या काउंटीत, त्या काउंटीसाठी त्याची निवड होते. क्लब बदलायचा तर नियम कडक आहेत, आणि श्रीमंत काउंटीने गरीब काउंटीचा खेळाडू पैसे देऊन पळवण्याची सोयच नाही. आपल्याकडे गावच्या कबड्डी संघात गावचीच पोरं असावीत असा आग्रह असायचा, तोच आग्रह इथे अख्ख्या देशाच्या स्पर्धेचा पाया आहे. त्यामुळे जेमतेम पस्तीस हजार वस्तीची लीट्रिम आणि साडेचौदा लाखांची डब्लिन एकाच स्पर्धेत उतरतात. लीट्रिमने आपल्या प्रांताचं विजेतेपद १९२७ आणि १९९४ अशी दोनच वर्षं जिंकलं आहे. तरी तिचे पाठीराखे दर वर्षी गाड्यांवर झेंडे लावून निघतातच.

हा सगळा कारभार पाहणारी संस्था गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, बोलताना सगळे ‘जीएए’ म्हणतात. तिची स्थापना १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरीतल्या थर्लिस गावी झाली. संस्थेचा नकाशा पूर्ण बेटाचा आहे. ३२ काउंट्या, त्यांतल्या सहा उत्तर आयर्लंडमधल्या. किलकेनी ही काउंटी हर्लिंग या काठीने खेळायच्या खेळाची वेडी असल्याने वरिष्ठ फुटबॉलच्या अजिंक्यपद स्पर्धेत उतरत नाही. उलट परदेशी गेलेल्या आयरिश लोकांमुळे लंडन आणि न्यूयॉर्क यांचे संघ कॉनॉट प्रांतात खेळतात. असे एकूण ३३ संघ. सर्वात मोठा मान सॅम मॅग्वायर चषकाचा. तुमच्या मुलाच्या तोंडी जो ‘सॅम’ येतो, तो हाच.

आम्ही आधी चार वर्षं मेयोत होतो, आता डब्लिनला आलो. मुलगी डब्लिनच्या शाळेत जाते. आम्ही कोणत्या काउंटीचे म्हणवून घ्यायचं? आयरिश सहकारी हसणार तर नाहीत?
— वाचक, लुकन, डब्लिन

कोणी हसणार नाही. जन्माची काउंटी हीच खरी, असं मानणारे पुष्कळ आहेत. पण त्यांच्याच घरात आई केरीची, बाप गॉलवेचा आणि पोरं डब्लिनची असतात, आणि तिघं तीन जर्सी घालून एकाच गाडीतून मॅचला जातात. घरात दोन काउंट्या असणं अगदी सर्रास आहे.

मात्र एक पथ्य पाळा. दर वर्षी जिंकणाऱ्याकडे सरकू नका. डब्लिनने २०१५ ते २०२० अशी सलग सहा वर्षं सॅम जिंकला. त्या काळात अचानक डब्लिनची निळी जर्सी चढवलेले आणि नंतर दिसेनासे झालेले लोक जुन्या पाठीराख्यांच्या अजून लक्षात आहेत. मेयो धरायची तर ती हरतानाही धरा.

मुलीचं तसं नाही. ती ज्या क्लबात खेळेल ती तिची काउंटी होईल, आणि ते तिला ठरवू द्या. क्लबचं कौटुंबिक सभासदत्व घ्या. ते घेतल्याशिवाय या खेळात तुम्ही बाहेरचेच राहता. सभासदत्वाचा व्यवहारी फायदाही मोठा आहे, तो पुढे तिकिटांच्या उत्तरात येईल. बहुतेक क्लबांची आठवड्याची लॉटरी असते. तिच्यातून मैदानाचं गवत, दिवे आणि मुलांचे बॉल यांचा खर्च निघतो. तिच्यात नाव घाला, आपोआप ओळखी होतात.

स्कोअर वाचताच येत नाही. १-२६ विरुद्ध ०-१९ म्हणजे नक्की किती?
— वाचक, ठाणे

पहिला आकडा गोल, दुसरा पॉइंट. एक गोल म्हणजे तीन गुण. म्हणून १-२६ म्हणजे २९ आणि ०-१९ म्हणजे १९. हा २०२५ च्या अंतिम सामन्याचा निकाल आहे. केरीने डोनिगॉलला दहा गुणांनी हरवून आपला ३९ वा सॅम नेला.

गोलखांब इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे असतात. आडव्या दांड्याखालून जाळीत गेला तर गोल, पंच हिरवा झेंडा दाखवतात. दांड्यावरून, दोन खांबांमधून गेला तर पॉइंट, पांढरा झेंडा. २०२५ पासून तिसरा, नारिंगी झेंडा आला आहे. गोलपासून ४० मीटरवर आखलेल्या कमानीवरून किंवा तिच्या बाहेरून लाथेने मारलेला बॉल दांड्यावरून गेला तर दोन गुण. हे दोन गुण स्कोअरच्या दुसऱ्याच आकड्यात मिळवतात, वेगळे लिहीत नाहीत. म्हणजे केरीच्या २६ मध्ये असे दुहेरी पॉइंटही आहेत. बचाव करणाऱ्याच्या स्पर्शाने बॉल शेवटच्या रेषेबाहेर गेला की ४५ मीटरवरून फटका मिळतो, त्याचा मात्र एकच गुण धरतात. नवखे पाठीराखे इथे हमखास चुकून जल्लोष करतात.

हिशोब मनात पक्का बसवायचा तर २०१६ च्या अंतिम सामन्याचा पहिला निकाल घ्या. डब्लिन २-९, मेयो ०-१५. दोन्हींचे १५ गुण, सामना बरोबरीत. डब्लिनचे ते दोन्ही गोल मेयोच्या खेळाडूंकडून स्वतःच्याच जाळीत गेलेले होते. फेरसामना डब्लिनने एका गुणाने जिंकला.

मी पूर्वी चुलतभावाबरोबर दोन-तीन मॅच पाहिल्या होत्या. आता पाहते तर खेळ ओळखू येत नाही. नक्की काय बदललं आणि प्रेक्षकाने कशाकडे पाहायचं?
— वाचक, बॅलिना, मेयो

बदल मोठा आहे आणि तो चांगल्यासाठी झाला, हे आमचं स्पष्ट मत. आधीच्या काही वर्षांत पंधराच्या पंधरा खेळाडू आपल्या गोलसमोर गोळा व्हायचे. समोरचा संघ हातपासवर हातपास करत आडवा फिरायचा आणि स्टँडमध्ये जांभया सुरू व्हायच्या. डब्लिनचे माजी प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या समितीने २०२४ मध्ये नवे नियम सुचवले आणि ते २०२५ च्या मोसमापासून लागू झाले.

पाहताना पहिली सवय लावायची ती किकआउटची. गोलकीपर बॉल परत मैदानात मारतो तो क्षण. पूर्वी तो जवळच्या मोकळ्या माणसाला हळूच द्यायचा. आता बॉल ४० मीटरच्या कमानीपलीकडे गेलाच पाहिजे. त्यामुळे मैदानाच्या मध्यावर उंच उडी घेऊन झेल घेण्याची जुनी लढाई परत आली. झेल कोणालाच नाही मिळाला तर खाली पडणारा बॉल कोण उचलतो, यावर अर्धे सामने ठरतात. म्हणून कीपर धाव घेईल तेव्हा बॉलकडे पाहू नका. ८ आणि ९ क्रमांकाचे मिडफिल्डर आणि त्यांच्या आसपास घुटमळणारे ५, ७, १०, १२ यांच्याकडे पाहा. कोण आधी हलतो ते दिसलं की बॉल कुठे जाणार ते कळतं. एखाद्या संघाची सलग तीन-चार किकआउट गेली तर दोन-तीन मिनिटांत आठ-दहा गुणांचा सामना पालटू शकतो, आणि त्याचं कारण शोधायला पुढच्या फळीकडे पाहून उपयोग नसतो.

दुसरं, तीन माणसं. प्रत्येक संघाने किमान तीन खेळाडू समोरच्या अर्ध्यात ठेवलेच पाहिजेत, आणि कीपर धरून किमान चार आपल्या अर्ध्यात. दमलेला संघ इथे चुकतो. एक जण बॉलच्या मागे धावत रेषा ओलांडतो, त्याच्या बदली कोणी थांबत नाही, आणि गोलसमोर फ्री किक जाते. मध्यरेषेवर उभं राहून एकमेकांना हाताने मागे ढकलणारे खेळाडू दिसले तर भांडण समजू नका, मोजणी चाललेली असते.

तिसरं, शिट्टीनंतर मान खाली घालून फोन पाहू नका. फाउल झालेला खेळाडू आता बॉल स्वतःच्याच पायावर टेकवून लगेच पळू शकतो, आणि बचाव करणाऱ्यांना चार मीटर अंतर सोडावं लागतं. कित्येक गोल याच चार-पाच सेकंदांत होतात. फाउल दिल्यावर बॉल समोरच्याच्या हाती न देता फेकला किंवा पंचाशी हुज्जत घातली तर फ्री ५० मीटर पुढे सरकते. म्हणजे मध्यावरचा किरकोळ फाउल थेट गुण देऊन जातो. पंचावर ओरडणं यामुळे मैदानात बरंच कमी झालं. स्टँडमध्ये अजून व्हायचं आहे.

आणि वारा. पश्चिम किनाऱ्यावरच्या मैदानांवर तो नेहमीच होता, पण दुहेरी पॉइंटमुळे आता त्याला फार भाव आला आहे. वारा पाठीशी असलेला संघ पहिल्या अर्ध्यात कमानीबाहेरून तीन फटके मारतो आणि सहा गुण घेतो. तोच फटका वाऱ्याविरुद्ध कीपरच्या हातात पडतो. कॅसलबारच्या मॅकहेल पार्क मैदानात शिरलात की आधी स्टँडवरचे झेंडे पाहा, मग नाणेफेक कोण जिंकलं ते पाहा. मध्यंतराला सहा गुणांची आघाडी वाऱ्याच्या जोरावर मिळाली असेल तर ती आघाडी नाही, बरोबरी आहे असं समजून दुसरा अर्धा पाहायला बसा. आघाडी दोन-तीनच असेल तर काळजी करा. आपल्या संघाने वारा असूनही कमानीबाहेरून फटकेच कमी मारले असतील तर त्याहून जास्त काळजी करा, कारण ती संधी परत येत नाही.

पायाभूत नियम तेच आहेत. हातात बॉल घेऊन चार पावलं. मग एकदा जमिनीवर टप्पा किंवा एकदा पायावर टेकवून परत हातात. लागोपाठ दोन टप्पे चालत नाहीत. पुरुषांच्या खेळात जमिनीवरचा बॉल थेट हाताने उचलता येत नाही, खाली बूट घालून वर घ्यावा लागतो. काउंटीचे वरिष्ठ सामने ७० मिनिटांचे, क्लबचे बहुधा ६०.

फेब्रुवारीत लीगच्या मॅचला जाण्यात अर्थ आहे का? थंडी आणि पाऊस सहन होत नाही. उन्हाळ्यातल्या मोठ्या मॅचच पाहिल्या तर?
— वाचक, वेस्टपोर्ट, मेयो

लीगला जाच. जो फेब्रुवारीत भिजला त्याला जुलैमधला संघ कळतो.

लीग ही सॅमच्या उन्हाळी स्पर्धेआधीची वेगळी स्पर्धा, जानेवारीच्या शेवटी सुरू होते. आठ-आठ संघांच्या चार विभागण्या, प्रत्येकाचे सात सामने, वरचे दोन बढती घेतात आणि खालचे दोन उतरतात. नवे खेळाडू इथेच दिसतात. कोणाला उन्हाळ्यात कोणती जागा मिळणार, फ्री कोण मारणार, हे इथेच ठरतं. शिवाय लीगचा क्रम आता उन्हाळ्यालाही बांधलेला आहे. सॅम मॅग्वायरच्या १६ जागांपैकी आठ जागा चारही प्रांतांच्या अंतिम फेरीतल्या संघांना आणि एक आदल्या वर्षीच्या टाल्चन चषक विजेत्याला जाते. उरलेल्या लीगच्या क्रमाने भरतात. त्यात न बसलेले संघ दुय्यम स्पर्धेत, म्हणजे टाल्चन चषकात खेळतात. म्हणून फेब्रुवारीतल्या चिखलात गेलेला एक गुण मे महिन्यात आठवतो.

२०२३ ते २०२५ या काळात सोळा संघांचे चार गट असायचे. २०२६ पासून गट गेले. आता उपांत्यपूर्व फेरीआधी दोनदा हरलं की बाहेर, एकदा हरलं तर अजून एक वाट शिल्लक. आम्हाला हे जास्त पटतं, कारण गटांत चारपैकी तीन संघ पुढे जात आणि बऱ्याच सामन्यांत धगच नसायची.

कपड्यांबद्दल. छत्री नेऊ नका, मागच्याला दिसत नाही आणि वाऱ्यात ती टिकतही नाही. टोपीचं जलरोधक जॅकेट, त्याखाली लोकरीचा थर, जर्सी सर्वात वर चढवायची असेल तर दोन माप मोठी घ्या. उघड्या सिमेंटच्या पायऱ्यांवर थंडी खालून चढते, म्हणून जाड तळाचे बूट आणि लोकरी मोजे. बसायला जाड पुठ्ठा किंवा फोमचा तुकडा. थर्मासमध्ये चहा. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, बऱ्याच मैदानांवर दारात रोख पैसे घेत नाहीत. पार्किंगसाठी सुरुवातीआधी तासभर पोचा आणि गाडी गावाबाहेर जाणाऱ्या दिशेने तोंड करून लावा.

दारात सामन्याची पुस्तिका मिळते, ती घ्या आणि पेन बाळगा. त्यात छापलेला संघ आणि मैदानात उतरणारा संघ बरेचदा वेगळे असतात. प्रशिक्षक शेवटपर्यंत पत्ते झाकून ठेवतात. सामन्याआधी ध्वनिक्षेपकावर बदल सांगतात, तेव्हा लगेच नावं खोडून लिहा. नाहीतर दहाव्या मिनिटाला ‘हा तेरा नंबर कोण?’ असं शेजाऱ्याला विचारत बसावं लागतं.

मेयो उपांत्य फेरीत पोचली तर सात वर्षांच्या मुलाला क्रोक पार्कला न्यायचं आहे. कॅसलबारहून कसं जायचं, कुठे बसायचं, अंतिम सामन्याची तिकिटं कशी मिळतात?
— वाचक, कॅसलबार

तिकिटांपासून सुरुवात करू. उपांत्य फेरीपर्यंतची तिकिटं सर्वसामान्य विक्रीला येतात. अंतिम सामन्याची येत नाहीत. ती काउंटी बोर्डांकडून क्लबांना वाटली जातात आणि क्लब आपल्या सभासदांमध्ये, बहुधा चिठ्ठ्या टाकून, वाटतो. वर्षभर मैदानावर राबणाऱ्यांना आधी, हा अलिखित नियम. अंतिम फेरी गाठल्यावर दुसऱ्या दिवशी सभासद व्हायला जाणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दुसरा मार्ग हंगामी तिकिटाचा, पण त्यातही ठरावीक सामन्यांना प्रत्यक्ष हजर राहिल्याची नोंद लागते. तिकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त मागणाऱ्याकडून घेऊ नका. खोट्या तिकिटाचा प्रश्न आहेच, आणि या खेळात ते लाजिरवाणं समजतात. मुलाचं तिकीट तुमच्याबरोबर एकाच वेळी काढा, नाहीतर जागा वेगवेगळ्या येतात.

जागा. क्रोक पार्कमध्ये ८२,३०० माणसं मावतात. हिल १६ हा उभं राहून पाहायचा उघडा भाग. तिथला आवाज सुंदर असतो, पण सात वर्षांच्या मुलाला समोरच्यांच्या पाठी दिसतील. पाऊस आला तर आडोसाही नाही. हिल ही डब्लिनकरांची परंपरागत जागा. २००६ च्या उपांत्य सामन्याआधी मेयोचा संघ हिलसमोर सरावाला गेला आणि डब्लिनचा संघही तिथेच आला. धक्काबुक्की झाली, आणि तो सामना मेयोने एका गुणाने घेतला. मेयोची माणसं ते आजही अभिमानाने सांगतात.

मुलासाठी हॉगन किंवा क्युझॅक स्टँडचा वरचा मजला चांगला. तिथून संपूर्ण मांडणी दिसते आणि किकआउट समजतं. क्युझॅक पूर्वेला आहे, त्यामुळे दुपारी ऊन थेट डोळ्यांत येतं. टोपी न्या. हॉगन स्टँडला मायकल हॉगन या टिपरेरीच्या खेळाडूचं नाव दिलं आहे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी याच मैदानावर सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला. चौदा माणसं मारली गेली, त्यांत तोही होता. मुलगा मोठा झाल्यावर मैदानातलं संग्रहालय त्याला जरूर दाखवा.

प्रवास. रेल्वेने कॅसलबार ते डब्लिन ह्यूस्टन सव्वातीन तासांच्या आसपास. सामन्याच्या दिवशी आरक्षण नसेल तर उभं राहून जावं लागतं. ह्यूस्टनहून लुआस ट्रामची लाल मार्गिका पकडून ॲबी स्ट्रीटला उतरा, तिथून पायी अर्ध्या तासात मैदान. परतीची गाडी सामना संपण्याच्या वेळेला चिकटून घेऊ नका. बाद फेरीत बरोबरी झाली तर वीस मिनिटांचा जादा वेळ असतो, आणि ऐंशी हजारांच्या गर्दीतून लहान मुलाला घेऊन बाहेर पडायलाच बराच वेळ जातो.

गाडीने गेलात तर एन-५ ने लाँगफर्ड, मग एन-४ आणि एम-४. एम-४ वर टोलनाका आहे. एम-५० ला नाका नसतो, कॅमेरा नंबर टिपतो. तो टोल दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत भरला नाही तर दंड लागतो. विजयाच्या आनंदात किंवा पराभवाच्या दुःखात नेमकं हेच विसरतं. मैदानाजवळच्या गल्ल्यांत गाडी लावू नका. सामन्याच्या दिवशी तिथे नाकेबंदी असते आणि चाकाला कुलूप लागतं. शहराच्या कडेला लुआसच्या पार्किंगमध्ये गाडी सोडा आणि ट्रामने आत या.

मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत. मुलाच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मध्यंतरात शाळकरी मुलामुलींचा छोटा सामना त्याच मैदानावर होतो, तेव्हा खाण्याच्या रांगेत न जाता मुलाला तो दाखवा.

दोन्ही काउंट्यांचे लोक शेजारी-शेजारी बसतात म्हणे. भांडणं होत नाहीत का? काय ओरडायचं, काय नाही?
— वाचक, गॉलवे

वेगळे कप्पे नसतात. तुमच्या डाव्या हाताला केरीची आजी आणि उजव्या हाताला केरीचाच नातू असू शकतो. जोरात ओरडा, ‘अप मेयो’, ‘मेयो फॉर सॅम’, खेळाडूचं नाव. बॉल वाइड, म्हणजे खांबांच्या बाहेरून गेला की आपल्याच खेळाडूला शिव्या घालू नका. त्याची आई तुमच्या पुढच्या रांगेत बसलेली असणं हे इथे अगदी शक्य आहे. समोरच्या संघाचा चांगला पॉइंट झाला तर निदान मान हलवा. राष्ट्रगीताच्या वेळी टोपी काढून उभं राहायचं. अंतिम सामन्याला दोन्ही संघ आर्टेन बँडच्या मागून मैदानाला फेरी मारतात, ती चुकवायची नाही. सामना संपल्यावर शेजारच्याशी हात मिळवून ‘वेल प्लेड’ म्हणायचं. हरल्यावरसुद्धा. विशेषतः हरल्यावर.

मेयोवर शाप आहे, असं मुलगी सांगते. खरं काय?
— वाचक, नाशिक

मेयोने सॅम १९३६, १९५० आणि १९५१ साली जिंकला. त्यानंतर नाही. आख्यायिका अशी, की १९५१ चा विजयी संघ ट्रकवरून घरी येताना फॉक्सफर्ड गावात अंत्ययात्रा चालू होती. संघ थांबला नाही, म्हणून धर्मगुरूने शाप दिला की या संघातला एकही माणूस जिवंत असेतो मेयो पुन्हा जिंकणार नाही. त्या संघातले शेवटचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट सप्टेंबर २०२१ मध्ये वारले. २०२५ पर्यंत तरी सॅम आलेला नाही, तेव्हा शापाची गोष्ट तिच्या स्वतःच्याच अटीवर उरत नाही.

अस्सल पाठीराखे शापाबद्दल बोलायला नाखूश असतात आणि आम्हीही त्यांच्याच बाजूचे. १९८९ पासून २०२१ पर्यंत मेयो अकरा अंतिम सामने हरली. १९९६ चा फेरसामना, २०१३, २०१६ चा फेरसामना आणि २०१७, हे चारही एका-एका गुणाने. त्यांतले शेवटचे तीन इतिहासातल्या सर्वात बलाढ्य डब्लिन संघाविरुद्ध होते. गेलेल्या फ्री, हुकलेले झेल, उशिरा केलेले बदल, ही कारणं मैदानात सापडतात. आणि अकरा वेळा तिथवर पोचायला संघ चांगलाच असावा लागतो, हे मुलीला जरूर सांगा.

पुण्याहून मॅच पाहायच्या आहेत. कशा?
— वाचक, औंध, पुणे

जीएए प्लस ही अधिकृत ऑनलाइन सेवा भारतात चालते, एका सामन्याचे पैसे किंवा हंगामाचे. मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारत साडेपाच तास पुढे, त्यानंतर ऑक्टोबर अखेरपर्यंत साडेचार. म्हणजे फेब्रुवारीतला दुपारी दोनचा लीग सामना आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला. अलीकडे जुलैअखेर होणारे अंतिम सामने तिथे साडेतीनला सुरू झाले, म्हणजे आपल्याकडे रात्री आठला. जेवण आधी उरका.

चित्र अडकलं तर मिडवेस्ट रेडिओ इंटरनेटवर लावा. स्थानिक रेडिओचे समालोचक तटस्थ नसतात, आणि तीच त्यांची गोडी. चित्र आणि रेडिओ एकत्र लावायचा मोह होईल, पण रेडिओ काही सेकंद पुढे असतो आणि गोल आधीच कळतो.

मुलगा आठ वर्षांचा, क्लबात घालायचा आहे. काय-काय लागेल? आणि काउंटीचे सामने संपल्यावर काय पाहायचं?
— वाचक, क्लेरमॉरिस, मेयो

दातांचं संरक्षक कवच, म्हणजे गमशील्ड, सक्तीचं आहे. सरावालाही. त्याशिवाय मैदानात घेत नाहीत. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचं असतं. नीट बसलं नाही तर मूल ते चघळत राहतं आणि थुंकून टाकतं, म्हणून घरी दोनदा बसवून पाहा. साच्यातल्या रबरी खुंट्यांचे बूट, लोखंडी नकोत. हातमोजे ऐच्छिक, पण ओल्या बॉलला उपयोगी. बॉल क्लब देतो, लहानांचा हलका असतो. या वयात गुणतक्त्याला महत्त्व देत नाहीत, सगळ्यांना खेळायला मिळतं. तेव्हा कडेला उभं राहून ‘किती झाले?’ विचारू नका.

जुलै संपला की काउंटीचा मोसम संपतो आणि क्लबांचा सुरू होतो. काउंटीचे खेळाडू आपापल्या गावी परततात. ज्यांना क्रोक पार्कच्या वरच्या मजल्यावरून पाहिलंत ते आता दहा हातांवरून पाहायला मिळतात, तेही थोडक्या पैशांत. क्लेरमॉरिसच्या आसपासचे सामने काउंटी बोर्डाच्या वेळापत्रकात मिळतील. महिलांच्या काउंटी सामन्यांनाही मुलाला न्या. त्यांचा खेळ बराचसा असाच, फक्त बॉल एक माप लहान आणि जमिनीवरून थेट हाताने उचलता येतो. त्यामुळे बॉल थांबत नाही आणि आठ वर्षांच्या मुलाचं लक्ष टिकतं.

जर्सी दर वर्षी नवी घ्यावी लागते का?
— वाचक, बॅलिना, मेयो

नाही. हिरवी आणि छातीवर लाल पट्टा, एवढं पुरे. २००४ ची विटकी जर्सी घालून आलेल्याकडे लोक जास्त आदराने पाहतात.